मूळ चित्रण : अनामिक

सोनल खैरनारला आयुष्यात सगळ्यात आधी लाज वाटली ती लाइट धरायची.

धुळ्यात पाचकंदिलाच्या मागच्या गल्लीत तिच्या वडिलांचं, रुपचंदआबांचं, दुकान होतं. मूळचा धंदा शिंप्याचा. पण नव्वद साली आबांनी दोन शिलाई मशिनी विकून खांद्यावर घ्यायचा मोठा व्हिडिओ कॅमेरा आणला आणि पाटी बदलली : ‘सोनल व्हिडिओ, धुळे. लग्न, साखरपुडा, जाऊळ.’ तेव्हा सोनल पाच वर्षांची होती. नऊ-दहा वर्षांची झाल्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आबांबरोबर लग्नांना जाऊ लागली. आबा शूटिंग करायचे आणि ती लाइट धरायची. लाइट म्हणजे तापून लाल होणारा, हाताला चटके देणारा हॅलोजनचा डबा, आणि त्याच्यामागे मांडवभर फिरणारी वायर. आबांनी तिला एकच गोष्ट शिकवली होती. लाइट माणसाच्या तोंडावर मारायचा नाही, शेजारच्या कनातीवर मारायचा, म्हणजे तोंड आपसूक उजळतं आणि नवरीचे डोळे मिचमिचत नाहीत.

शहाण्णव सालच्या मे महिन्यात सोनगीरला एका भांडेवाल्याच्या घरचं लग्न होतं. नवरी रूपा, एकोणीस वर्षांची. जेवणावळी आटोपल्या, पाठवणीची वेळ झाली. आभाळ भरून आल्यामुळे मांडवात अंधारलं होतं. सोनल लाइट घेऊन उभी राहिली आणि तिला समोरच्या खुर्च्यांत आपल्या वर्गातली एक मुलगी दिसली. आईवडिलांबरोबर बसलेली, गुलाबी फ्रॉक, हातात थंड पेयाची बाटली. त्या मुलीने सोनलकडे पाहिलं, मग आईच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि आईनेही पाहिलं.

‘‘आबा, माझं पोट दुखतंय,’’ सोनल म्हणाली, लाइट आबांच्या डाव्या हातात कोंबला आणि मांडवामागे जाऊन बसली.

आबांनी ती पाठवणी उजव्या खांद्यावर कॅमेरा आणि डाव्या हातात लाइट धरून घेतली. सात मिनिटं. चित्र सगळं थरथरलं. रूपाचा चेहरा, तिच्या आईने धरलेला तिचा हात, गाडीचं दार, सगळं पाण्यात पडलेल्या सावलीसारखं हलत होतं. परतीच्या एस.टी.त आबांनी एवढंच विचारलं, ‘‘पोट दुखस का आते?’’

सोनलने ‘हो’ म्हणून मान हलवली. खिडकीकडे तोंड केलं ते धुळे येईपर्यंत.

पुढे तिने चित्रकलेची परीक्षा दिली, मुंबईच्या कला महाविद्यालयात गेली, तिथून बडोद्याला. चित्रकला सुटली आणि कॅमेरा हातात आला. दोन पडद्यांवर एकाच वेळी चालणारी चित्रं, भिंतीवर, पाण्यावर, कापसाच्या गठ्ठ्यांवर पाडलेली चित्रं असं ती काहीबाही करू लागली. हात चांगला होता. सोबतच्या मुलांच्या घरी पुस्तकांच्या भिंती होत्या, कुणाचे वडील वास्तुविशारद, कुणाची आई नाटकात. सोनलला कुणी विचारलं तर ती म्हणायची, ‘‘आमचं कापडाचं आहे.’’ ते खोटं नव्हतं, नव्वद सालापर्यंत.

दोन हजार नऊमध्ये आबांनी दुकान बंद केलं. लग्नं आता पोरं डिजिटल कॅमेऱ्यावर काढू लागली होती आणि आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. सोनल घरी आली तेव्हा त्यांनी पत्र्याची पेटी पुढे सरकवली. आत एकशेचाळीस कॅसेटी, प्रत्येकीवर पार्टीचं, म्हणजे गिऱ्हाइकाचं, नाव आणि तारीख. एखाद्याच्या कॅसेटीला बुरशी लागली तर तो नवी प्रत मागायला यायचा, म्हणून आबा प्रत्येक लग्नाची एक मूळ प्रत जपून ठेवत.

‘‘ह्या तुना कामले येतीन,’’ आबा म्हणाले.

आल्याच कामाला. चार वर्षांनी सोनलला युरोपातल्या एका शहरात सहा महिने राहून काम करायची संधी मिळाली. तिने सोबत नेलेल्या कॅसेटींतून सोनगीरची ती सात मिनिटं काढली, आवाज काढून टाकला, वेग निम्मा केला, आणि अंधाऱ्या खोलीत भिंतभर लावली. थरथरणारी नवरी. पाठवणीच्या सुरुवातीला गुलाबाच्या दोन फुलांमधून ‘सोनल व्हिडिओ, धुळे’ अशी अक्षरं फिरत यायची, ती तिने कापली. कामाला नाव दिलं ‘कंप’.

तिथल्या संग्रहालयाच्या बाईने ते दोनदा पाहिलं. मग तिने विचारलं, हे कुणी चित्रित केलं?

सोनलजवळ उत्तर होतं. पण शेजारी दोन फ्रेंच कलावंत उभे होते, एक जपानी मुलगा होता, आणि तिच्या डोळ्यांसमोर आबा आले, बगलेत घामाचे डाग पडलेल्या सफारीतले, जेवणाच्या पंगतीत शेवटी बसणारे. ती म्हणाली, ‘‘माहीत नाही. जुन्या बाजारात भंगारवाल्याकडे सापडली कॅसेट.’’

तेवढं एक वाक्य. भिंतीवर पाटी लागली, ‘मूळ चित्रण : अनामिक, खान्देश, १९९६.’ तिथून ती थाप सुटलीच. ‘कंप’ आठ देशांत फिरलं. एका संग्रहालयाने ते कायमचं विकत घेतलं. एका विद्वानाने तीस पानांचा लेख लिहिला, की त्या अनाम कॅमेरावाल्याचा हात थरथरतो तो नवरीच्या दुःखाला साक्षी राहिल्यामुळे. सोनलने तो लेख वाचला तेव्हा तिचे कान तापले. पण पुढे डॉक्टरेट करताना तिने स्वतः त्या थरथरीवर एक अख्खं प्रकरण लिहिलं. तळटिपांसकट. खरं काय ते पृथ्वीतलावर दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातल्या एकाला इंग्रजी येत नव्हतं.

मग पुण्यात नोकरी, परिसंवाद, इतरांची प्रदर्शनं रचायची कामं. कुठलं काम कुठल्या भिंतीवर, कुठे अंधार, कुठे बाक, यातलं तिला नेमकं कळायचं. वर्गात ती मुलांना शिकवायची की प्रकाश थेट तोंडावर टाकायचा नसतो, बाजूच्या पृष्ठभागावर टाकायचा. आणि शिकवताना एका जर्मन छायालेखकाचं नाव घ्यायची. घरी फोन केला की आबा विचारायचे, ‘‘काय शिकाडस वं तू पोरासले?’’ ती म्हणायची, ‘‘चित्रकलाच आबा, तीच.’’

दोन हजार तेवीसमध्ये जळगावच्या एका खासगी महाविद्यालयाने चलचित्र कलेचा नवा विभाग काढला आणि तिला विभागप्रमुख म्हणून बोलावलं. आई जाऊन वर्ष झालं होतं, आबा धुळ्यात एकटे होते, म्हणून ती आली. पण राहिली जळगावात. दर दुसऱ्या रविवारी एस.टी.ने धुळ्याला जायची आणि संध्याकाळी परत यायची.

चोवीसच्या डिसेंबरात तिने मोठं प्रदर्शन भरवलं. बंद पडलेल्या एका कापूस जिनिंगचं गोदाम झाडून घेतलं, खिडक्यांना काळं कापड लावलं, खान्देशाशी नातं असलेल्या नऊ कलावंतांची चलचित्रं मांडली. स्वतःचं काम ती लावणार नव्हती. पण संस्थेचे अध्यक्ष हटून बसले. म्हणाले, ‘‘मॅडम, जगाने पाहिलं ते आमच्या गावाने पाहू नये का?’’ यावर नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. ‘कंप’ लागलं, शेवटच्या खोलीत, त्याच पाटीसकट.

आबांना तिने कळवलं नाही. कळवलं पेपराने. तिसऱ्या दिवशी जिल्हा पानावर फोटो आला, भिंतभर नवरी आणि तिच्यासमोर माइक धरून उभी सोनल. आबांचे डोळे आता ऑपरेशनने साफ झाले होते. त्यांनी नवरी ओळखली, सोनगीरच्या मांडवाची कनात ओळखली. सकाळची एस.टी. धरून ते अडीच तासांत जळगावला उतरले.

सोनल तेव्हा चाळीसेक विद्यार्थ्यांना घेऊन शेवटच्या खोलीत उभी होती. थरथरीविषयीच बोलत होती. ‘‘हा हात कुणाचा आहे हे आपल्याला कधीच कळणार नाही, पण...’’ एवढं म्हणाली आणि तिला मुलांच्या मागे दाराशी आबा दिसले. राखाडी सफारी, हातात कापडी पिशवी. ते तिच्याकडे पाहतच नव्हते. पडद्याकडे पाहत होते, आणि चेहऱ्यावर हसू होतं. आपलं काम इतकं मोठं झालेलं पाहून आलेलं, साधं हसू.

मुलं बाहेरच्या खोलीकडे सरकली. आबा पाटीपाशी गेले. चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं.

‘‘अनामिक म्हंजे कोन वं, पोरे?’’

मागे राहिलेली एक मुलगी, हुशार, पहिल्या बाकावरची, जवळ आली आणि तिने विचारलं, ‘‘मॅम, हे कोण?’’

आणि सोनल म्हणाली, ‘‘आमच्या गावाकडचे आहेत.’’

तोंडातून शब्द गेला आणि तिला वाटलं, आता आबा बोलतील. बोलावंत, असंही वाटलं. आबांनी चष्मा काढून खिशात ठेवला, त्या मुलीकडे वळले आणि पेपरातल्यासारख्या शुद्ध मराठीत म्हणाले, ‘‘हो बाळ, मी धुळ्याचा. मॅडमचं नाव वाचलं पेपरात, म्हणून आलो बघायला.’’

मुलगी नमस्कार करून गेली. सोनल तिथेच उभी राहिली. भिंतीवर नवरी थरथरत होती, तिचा उजेड आबांच्या पांढऱ्या केसांवर हलत होता, आणि सोनल त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली नाही.

बाहेर गोदामाच्या ओट्यावर आबांनी पिशवीतून डबा काढला. तिच्यासाठी कळण्याची भाकरी आणि भरीत आणलं होतं. ती खाली मान घालून बसली. म्हणाली, ‘‘आबा, मी चुकले. तुमचं नाव...’’

‘‘नावनं जाऊ दे,’’ आबा मध्येच म्हणाले. त्यांच्या कपाळावर आता आठी होती, ती तिने आत असताना पाहिली नव्हती. ‘‘पार्टीले इचारं का तू?’’

‘‘कुणाला?’’

‘‘पार्टीले. रूपाले. तिन्हा घरना लोकेसले. तिनं तोंड एवढं मोठं करी भितडावर लायं तू. बठ्ठा जग देखी राहिना म्हणतस. तिले इचारं?’’

सोनलने नाही म्हटलं. अकरा वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता, कुठल्या संग्रहालयाने नाही, परीक्षकांनी नाही. आणि ती स्वतः तर दुसऱ्या वर्षाला ‘प्रतिमा आणि संमती’ नावाचा पेपर शिकवत होती.

‘‘एका पार्टीनी क्यासेट आपन दुसराले कधी दिधी नही,’’ आबा म्हणाले. ‘‘सख्खा भाऊ मांगाले उना तरी नही. तुले पेटी दिधी ती मिक्सिंग, कापाजोडानं काम, शिकाकरता. लोकेसले दखाडाकरता नही.’’

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं.

ती उठून आत गेली आणि प्रोजेक्टर बंद केला. अध्यक्षांना मशीन बिघडल्याचं सांगितलं. तेही खोटंच, आणि सांगताना ते तिला कळत होतं.

रविवारी दोघं सोनगीरला गेली. हायवेवरून गाव दिसायला लागलं तसा आबा सरसावून बसले. रूपाचा भाऊ नवल अजून भांड्यांच्या दुकानातच बसत होता. त्याने आबांना ओळखलं, चहा मागवला. पण रूपाच्या लग्नाचं नाव निघताच त्याने हातातला तांब्या खाली ठेवला.

‘‘रुपचंदभाऊ, ते लगीन नका काढू. अकरा महिन्यात ती परत उनी. हातपाय पोळेल व्हतात तिना. बापनी फोटो, क्यासेट, पत्रिका, बठ्ठं चुलामा घालं.’’ मग म्हणाला, ‘‘आते ती असोदाले शे. दुसरं घर. सुखी शे.’’

आबांनी सगळं खरं सांगितलं. म्हणजे सोनलने सांगायचं ते आबांनी सांगितलं. नवलने बहिणीला फोन लावला.

जळगावजवळच्या असोद्याला रूपाबाईंचं घर केळीच्या बागांच्या वाटेवर होतं. सत्तेचाळीसची बाई, ठेंगणी, चष्म्याची. दुपारी घरी एकटी असते, तेव्हाच या, असं तिने सांगितलं होतं, म्हणून सोनल आणि आबा दुपारीच पोचले. पहिल्या लग्नाविषयी तिच्या मुलांना काहीच ठाऊक नव्हतं. मोठा जळगावात कॉलेजला होता. त्या गोदामापासून दहा मिनिटांवर.

‘‘दखाड,’’ रूपाबाई म्हणाल्या.

सोनलने मोबाइलवर लावलं. बाई एकटक पाहत राहिल्या. तिसऱ्या मिनिटाला त्यांनी बोट टेकवलं, चित्र थांबलं. नवरीवर नाही, नवरीचा हात धरलेल्या बाईवर. ‘‘मनी माय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बापनी बठ्ठं जाळं. मायना एक फोटो नही राहिना मनापा.’’

त्यांचं बोट त्या चौकोनावरच होतं. पडदा काळा झाला की टिचकी मारून त्या तो पुन्हा उजळवायच्या. मग फोन परत दिला आणि सरळ सोनलच्या डोळ्यांत पाहिलं. ‘‘हाई काढी टाक बेटा. कोठेच नको. मायना फोटो तेवढा दे माले.’’

सोनल त्यांच्या पाया पडली. माफी मागितली. रूपाबाईंनी तिला उठवलंही नाही आणि दूरही लोटलं नाही. आबांना म्हणाल्या, ‘‘रुपचंदभाऊ, तुम्हना दोष नही.’’ सोनलविषयी त्या काही बोलल्या नाहीत.

पुढचं सगळं तिने महिनाभरात केलं. जळगावचं प्रदर्शन ‘कंप’शिवाय पुरं झालं. विद्यापीठाला तिने लिहून दिलं की प्रबंधातलं चौथं प्रकरण खोट्या माहितीवर उभं आहे. समिती बसली, विभागप्रमुखपद गेलं, नोकरी राहिली. वर्गात तिने सगळी हकीकत सांगितली, रूपाबाईंचं नाव-गाव वगळून. मांडवामागे जाऊन बसलेल्या मुलीची, भंगारवाल्याची, आणि ‘आमच्या गावाकडचे’ याचीही. पहिल्या बाकावरच्या त्या मुलीने मान वर केली नाही. शेवटी मागून एकाने विचारलं, ‘‘मॅम, मग परीक्षेला ‘कंप’ आलं तर काय लिहायचं?’’ कुणी हसलं नाही.

युरोपातल्या संग्रहालयाचं उत्तर सभ्य होतं. त्यांनी पाटी बदलली, ‘चित्रण : रुपचंद खैरनार, सोनल व्हिडिओ, धुळे.’ त्याचा फोटोही पाठवला. पण काम त्यांच्या मालकीचं होतं, करारावर सोनलची सही होती, आणि ते परत देण्याची किंवा कायम बंद ठेवण्याची तरतूद त्यात नव्हती.

तिने तो फोटो आबांना दाखवला. आबांनी अक्षरं बोटाने वाचली. ‘‘मनं नाव टाकं ते बरं,’’ म्हणाले. ‘‘पन त्या बाईनं तोंड तठे शेच ना?’’

मार्चमध्ये ती पुन्हा असोद्याला गेली, या खेपेला एकटी. आईचा फोटो तिने स्वतः बसून साफ केला होता. थरथर काढता येईल तेवढी काढली होती, तरी पदराची कड थोडी पुसट राहिली. रूपाबाईंनी फोटो पदराने पुसला आणि धान्याच्या कोठीमागच्या फळीवर ठेवला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणार नाही असा.

मग सोनलने सांगितलं की परदेशातलं काढता आलेलं नाही. हे सांगायला तिला जळगाव ते असोदा एवढा लहान रस्ता तीनदा धरून सोडावा लागला होता.

रूपाबाईंनी विचारलं, ‘‘किती दूर शे ते गाव?’’

‘‘विमानाने दहा-अकरा तास.’’

‘‘तठे माले कोन वळखस?’’ त्या म्हणाल्या, आणि सोनलला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. पण बाई निवडायला घेतलेल्या तुरीच्या सुपाकडे पाहत होत्या. सूप एकदा हलवून त्या म्हणाल्या, ‘‘तरी तू त्यासले सांगत राह्य.’’

सोनल सांगत राहते. दोन-तीन महिन्यांनी एक पत्र जातं, कधी वकिलाचा सल्ला घेऊन, कधी नुसतंच. मागच्या पत्राला पोच तेवढी आली. दर रविवारी ती धुळ्याला जाते, आता रात्रीची राहते. जेवताना आबा ताटावरून मान वर करतात आणि विचारतात, ‘‘उनी का चिठ्ठी?’’

ती नाही म्हणते. आबा पुढचा घास घेतात.